हॅवरफर्ड की स्वार्थमोर?

सांगलीच्या हळद बाजारात तीन पिढ्यांपासून आडतीचा व्यवसाय करणाऱ्या एका पेढीवर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सौद्यांपेक्षा निराळीच चर्चा चालली होती. घरातील थोरल्या नातीला अमेरिकेतील दोन महाविद्यालयांकडून प्रवेशपत्रे आली होती आणि १ मेपर्यंत त्यांपैकी एकाला होकार कळवून अनामत रक्कम भरणे भाग होते. एक हॅवरफर्ड, दुसरे स्वार्थमोर. पेढीवर ये-जा करणाऱ्या कुणीही ही नावे पूर्वी ऐकलेली नव्हती. दिवाणजींना पहिले नाव म्हणजे हार्वर्डचे चुकलेले स्पेलिंग वाटले. दुसरे नाव वाचून आजोबा, ज्यांना सारे घर अण्णा म्हणते, ते हसून म्हणाले, "नावातच स्वार्थ आहे, तिथे कशाला पाठवायचं पोरीला?"

हसण्याचा भाग सोडला, तरी प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. पेढीने मिरज रस्त्यालगत नवे गोदाम बांधण्याचे योजले होते. ते आता निदान दोन वर्षे पुढे जाणार होते. एवढी रक्कम ज्या संस्थेत गुंतवायची, तिचे नाव बाजारात कुणाला ठाऊक नाही, ही गोष्ट व्यापारी मनाला सहजासहजी पचत नाही.

वास्तविक ही दोन्ही महाविद्यालये अमेरिकेतील अत्यंत मानाच्या संस्थांत गणली जातात. त्यांची कीर्ती आपल्याकडे पोहोचत नाही, याचे कारण त्यांच्या आकारात आहे. हॅवरफर्डमध्ये सुमारे १,४०० विद्यार्थी, स्वार्थमोरमध्ये १,६०० ते १,७००. आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयातही याहून अधिक मुले असतात. पदव्युत्तर वर्ग दोन्हीकडे जवळजवळ नाहीत. त्यामुळे मोठ्या विद्यापीठात जे काम संशोधक विद्यार्थ्यांकडे सोपविले जाते, म्हणजे निबंध तपासणे, शंकानिरसन करणे, प्रयोगशाळेत हाताशी राहणे, ते येथे प्राध्यापक आणि पदवीचे विद्यार्थी आपापसांतच करतात. साधारण आठ-नऊ विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक, असे प्रमाण दोन्ही ठिकाणी आहे.

'लिबरल आर्ट्स' हा शब्द मात्र आपल्या पालकांची हमखास दिशाभूल करतो. तो ऐकताच डोळ्यांपुढे कला शाखा उभी राहते. प्रत्यक्षात या महाविद्यालयांत गणित, पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र हे सारे विषय शिकविले जातात. विद्यार्थ्याने मुख्य विषय कोणता घ्यायचा, हे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठरवायचे असते. तोवर त्याने इतिहासही वाचावा, एखादी भाषा शिकावी आणि प्रयोगशाळेतही उभे राहावे, अशी अपेक्षा असते. व्यापारी घरांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. आपल्या बी.कॉम.सारखी पदवी किंवा व्यवसाय-व्यवस्थापन हा मुख्य विषय यांपैकी कोणत्याही महाविद्यालयात नाही. जमाखर्च शिकविण्यासाठी ही महाविद्यालये निघालेली नाहीत. तरीही गोल्डमन सॅक्स या बलाढ्य वित्तसंस्थेचे नेतृत्व करणारे जॉन व्हाइटहेड हे हॅवरफर्डचे विद्यार्थी होते. उद्योजक युजीन लँग हे स्वार्थमोरचे. लँग यांनी १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील आपल्या जुन्या प्राथमिक शाळेत भाषण करताना समोर बसलेल्या सहावीच्या मुलांना महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च देण्याचे वचन दिले आणि पुढे ते पाळले.

ही दोन्ही महाविद्यालये फिलाडेल्फिया शहराच्या उपनगरांत आहेत आणि त्यांच्यामधील अंतर पंधरा-सोळा किलोमीटरांहून जास्त नाही. इतक्या जवळ, इतकी सारखी दोन महाविद्यालये कशासाठी, असा प्रश्न कुणालाही पडावा. त्याचे उत्तर आपल्या वाचकांना फार परके वाटणार नाही. क्वेकर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती पंथाने ही दोन्ही महाविद्यालये स्थापन केली. १८२७ मध्ये फिलाडेल्फियात या पंथात फूट पडली. एक गट ऑर्थोडॉक्स म्हणवू लागला. दुसऱ्यास एलिआस हिक्स या उपदेशकाच्या नावावरून हिक्साइट म्हणू लागले. प्रार्थनागृहे वेगळी झाली, शाळा वेगळ्या झाल्या. ऑर्थोडॉक्स मंडळींनी १८३३ मध्ये हॅवरफर्ड काढले, हिक्साइट मंडळींनी १८६४ मध्ये स्वार्थमोर. पुढे १९५५ मध्ये फिलाडेल्फियातील दोन्ही गट पुन्हा एक झाले. महाविद्यालये मात्र दोन ती दोनच राहिली.

क्वेकर लोक युद्धात शस्त्र धरण्यास नकार देत आले आहेत. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, हॅवरफर्डचे प्राध्यापक रूफस जोन्स आणि त्यांचे सहकारी यांनी युद्धपीडितांच्या मदतीसाठी जी संस्था उभारली, तिला पुढे १९४७ चे शांततेचे नोबेल पारितोषिक ब्रिटनमधील तशाच क्वेकर संस्थेसह विभागून मिळाले. परंतु अण्णांना अधिक रस वाटला तो या लोकांच्या व्यापारात. क्वेकर शपथ घेत नसत. कारण शपथेवर खरे बोलायचे म्हणजे एरवी खोटे बोलण्याची मुभा आहे, असे मान्य करण्यासारखे होते. या आणि अशा कारणांनी इंग्लंडात त्यांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे आणि सरकारी पदे बंद झाली. मग ते व्यापारात उतरले. घासाघीस म्हणजे आधी एक खोटा भाव सांगणे, असे मानून त्यांनी दुकानांत एकच भाव ठेवला. मूल पाठविले तरी तोच भाव मिळतो, अशी त्यांची ख्याती झाली. बार्कलेज बँकेचा उगम १६९० मधील लंडनच्या दोन क्वेकर सराफांच्या पेढीत आहे. लॉइड्स बँकेच्या संस्थापकांपैकी सॅम्पसन लॉइड क्वेकर होते. कॅडबरी चॉकलेटचे घराणेही त्याच पंथाचे. हे ऐकल्यावर अण्णांचा स्वार्थमोर या नावावरील राग बराच निवळला.

आज दोन्ही महाविद्यालये कोणत्याही पंथाची राहिलेली नाहीत. तेथे सर्व धर्मांची आणि कोणताही धर्म न मानणारी मुले शिकतात. परंतु जुन्या वळणाची खूण शिल्लक आहे आणि निवड करताना ज्या फरकाकडे बारकाईने पाहायला हवे, तो तेथेच सापडतो. क्रमवारीच्या याद्या पाहून तो कळत नाही. त्या याद्यांत स्वार्थमोर सहसा काही पायऱ्या वर दिसते. तेवढ्यावर अनेक घरांत निकाल लागतो. हे म्हणजे नमुना न पाहता पोत्यावरचा शिक्का पाहून हळद घेण्यासारखे झाले.

हॅवरफर्डमध्ये परीक्षेला पर्यवेक्षक नसतो. विद्यार्थ्यांची स्वतःची एक आचारसंहिता आहे. तिचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला आणि ती दरवर्षी विद्यार्थ्यांनी एकत्र जमून पुन्हा मान्य करावी लागते. सत्रअखेरीच्या लेखी परीक्षांचा काळ ठरलेला असतो, परंतु त्या काळात कोणता पेपर कोणत्या दिवशी लिहायचा, हे बहुतेक वेळा विद्यार्थीच ठरवतो. तो प्रश्नपत्रिका घेतो, खोलीत जाऊन बसतो, वेळ संपली की लेखणी खाली ठेवतो. काही पेपर तर वसतिगृहातील खोलीत नेऊन लिहिता येतात. वेळ स्वतःच मोजायची, पुस्तक बंद ठेवायचे असेल तर स्वतःच बंद ठेवायचे. कुणी नियम मोडल्यास त्याची चौकशी प्रथम विद्यार्थ्यांचेच मंडळ करते. गुणांची एकमेकांत चर्चा करू नये, असाही तेथील प्रघात आहे. शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला, विषय कोणताही असो, स्वतंत्र प्रबंध लिहावा लागतो.

स्वार्थमोरची ख्याती नेमकी उलट्या टोकाच्या गोष्टीसाठी आहे. तेथे १९२२ मध्ये फ्रँक एडेलॉट या अध्यक्षांनी ऑक्सफर्डच्या धर्तीवर 'ऑनर्स' हा अभ्यासक्रम सुरू केला. तो सर्वांना सक्तीचा नाही. जे तो घेतात, ते शेवटच्या दोन वर्षांत छोट्या चर्चावर्गांत बसतात. वर्गात मोजकी मुले आणि एक प्राध्यापक. आठवड्यातून एकदा कित्येक तास बैठक चालते आणि मुलांनी लिहिलेले निबंध आधीच सर्वांनी वाचलेले असतात. चार वर्षांच्या शेवटी परीक्षा घेण्यासाठी इतर विद्यापीठांतून विद्वान बोलाविले जातात. त्या परीक्षकांनी त्या मुलाला कधी पाहिलेले नसते. ते लेखी परीक्षा घेतात, समोर बसवून तोंडी परीक्षा घेतात आणि सन्मानाची श्रेणी तेच ठरवतात. ज्या प्राध्यापकाने शिकविले, त्याच्या हाती त्या दिवशी निकाल नसतो. उलट त्याचेच शिकवणे परक्यांपुढे तपासायला निघालेले असते. म्हणून विद्यार्थी आणि प्राध्यापक दोघेही एकाच बाजूला उभे राहतात, असे या पद्धतीचे समर्थक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे.

स्वार्थमोरचा अभ्यास कष्टाचा म्हणून प्रसिद्ध आहे. येथे मिळालेली खालची श्रेणी दुसरीकडे वरची ठरली असती, असा विनोद तेथील मुलेच करतात. मात्र पहिल्या सत्राचे गुण गुणपत्रकावर येत नाहीत. नव्याने आलेल्या मुलाला अडखळण्याची सवलत असते. परदेशातून, मराठी किंवा अर्ध-इंग्रजी वर्गातून गेलेल्या मुलीच्या दृष्टीने ही सवलत लहान नव्हे.

म्हणजे एका ठिकाणी कुणीही पाहत नसताना नीट वागायचे, आणि दुसऱ्या ठिकाणी अगदी अनोळखी माणसाने हिशेब तपासायचा. ज्यांनी बँकेच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांच्या ताब्यात असलेल्या पाहिल्या आहेत आणि बाजारात केवळ शब्दावर लाखांचे व्यवहार होतानाही पाहिले आहेत, त्यांना या दोहोंपैकी एक पद्धत खरी आणि दुसरी खोटी असे वाटणार नाही.

आता पैशाचा विषय. दोन्ही ठिकाणचा शिक्षण, निवास आणि भोजन यांचा वार्षिक छापील खर्च ८०,००० डॉलरच्या वर आहे. डॉलर ८५ रुपये धरला, तरी वर्षाला ६८ लाख आणि चार वर्षांचे पावणेतीन कोटींच्या घरात, शिवाय दरवर्षीची वाढ वेगळी. परंतु हा छापील भाव आहे. प्रत्येक घराने किती द्यायचे, हे त्या घराच्या उत्पन्न-मालमत्तेवरून महाविद्यालय ठरवते. प्रवेश दिलेल्या आणि अर्जातच मदत मागितलेल्या विद्यार्थ्याची जी गरज महाविद्यालयाच्या हिशेबाने निघेल, ती पूर्ण भागविण्याचे दोन्ही संस्थांचे धोरण आहे. मेख अशी, की परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश द्यायचा की नाही हे ठरवतानाच त्याने मदत मागितली आहे का, हेही पाहिले जाते. त्यामुळे काही पालक अर्ज करताना मदतीचा रकाना कोरा सोडतात आणि प्रवेश मिळाल्यावर मागू, असे मनात धरतात. सामान्यतः तो मार्ग नंतर बंद असतो.

स्वार्थमोरच्या मदतीत कर्जाचा भाग नसतो. तिचा ध्रुवफंड अडीच अब्ज डॉलरच्या वर आहे आणि हॅवरफर्डचा त्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतका. मंदिराचा ध्रुवफंड सांभाळलेल्या विश्वस्तांना या आकड्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. मंदीच्या वर्षी कोण हात आखडता घेईल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. हॅवरफर्डचे पत्र आले असता त्यातील अनुदान किती, महाविद्यालयातील कामाचा मोबदला किती आणि कर्ज असल्यास किती, हे रकाने वेगवेगळे वाचावेत. बेरीज एकच दिसली, तरी अनुदान आणि कर्ज हे एका बाजूला मांडायचे आकडे नव्हेत.

सांगलीच्या या घरापुढे खरी अडचण आली ती याच्याही आधी, हिवाळ्यात, आर्थिक माहितीचा अर्ज भरताना. पेढी भागीदारीची, राहते घर अण्णांच्या नावे, वडिलांची विवरणपत्रे वेगळी, अविभक्त कुटुंबाची वेगळी. अमेरिकन नमुन्यात 'अविभक्त कुटुंब' असा रकानाच नाही. एका हितचिंतकाने सुचविले, की वडिलांच्या नावचे जुने गोदाम दाखवू नका, तिकडे कोण तपासायला येतो. वडील क्षणभर विचारात पडले. मुलगी म्हणाली, "बाबा, ज्या कॉलेजात परीक्षेला कुणी लक्ष ठेवायला नसतं, त्याच्या फॉर्मवर आपण गोदाम लपवायचं का?" गोदाम दाखविले गेले. त्यामुळे मदत निश्चितच कमी झाली असेल. दोन्ही महाविद्यालयांची पत्रे आली, तेव्हा निव्वळ भरावयाच्या रकमांत इतका थोडा फरक होता, की त्यावर निर्णय करण्याचे कारण उरले नाही. उरलेली रक्कम शैक्षणिक कर्ज आणि गोदामासाठी बाजूला काढलेला निधी यांतून उभी करायचे ठरले. परदेशी पाठवणीसाठी उदारीकृत योजनेखाली प्रत्येक व्यक्तीस आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. तेव्हा ती अडचण नव्हती. ठरावीक रकमेपुढील पाठवणीवर बँक जो टीसीएस कापते, तो विवरणपत्रात जमा धरता येतो, हे मात्र वडिलांना पहिल्यांदाच नीट समजले.

आईचा प्रश्न साधा होता, जेवणाचे काय? शाकाहारी पदार्थ दोन्ही भोजनगृहांत रोज मिळतात. परंतु तेथे पदार्थावर लावलेली शाकाहारी अशी पाटी कांदा, लसूण, बटाटा यांविषयी काही सांगत नाही. कंदमुळे वर्ज्य करणाऱ्या मुलीला रोज विचारून घ्यावे लागणार, आणि कित्येकदा स्वतः शिजवावे लागणार. हॅवरफर्डच्या आवारात स्वयंपाकघर असलेल्या सदनिका आहेत आणि पहिल्या वर्षाच्या मुलांनाही त्यांत जागा मिळते. स्वार्थमोरच्या वसतिगृहांत सामाईक स्वयंपाकघरे असतात. हा फरक आईच्या दृष्टीने अडीच अब्जांच्या ध्रुवफंडापेक्षा मोठा होता, आणि तिला त्यात चूक म्हणता येणार नाही. पर्युषणाच्या दिवसांत न्यू जर्सीतील एखाद्या जैन केंद्रात जाणे दोन्हीकडून शक्य आहे. ब्लेअर्सटाऊन येथील सिद्धाचलमही एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे.

वडिलांचा कौल स्वार्थमोरला होता. मुख्य कारण, तेथे अभियांत्रिकीची पदवी आहे, जी अशा छोट्या महाविद्यालयांत क्वचितच असते. हॅवरफर्डमध्ये ती नाही. तेथून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एका वर्षाची अधिक भर घालून अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेण्याची वाट आहे. शिक्षणानंतर अमेरिकेत अनुभवासाठी मिळणारा एक वर्षाचा काळ विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना आणखी दोन वर्षांनी वाढतो, ही गोष्टही त्यांनी विचारात घेतली होती.

अण्णा हॅवरफर्डच्या बाजूचे झाले होते. पन्नास वर्षे शब्दावर सौदे केलेल्या माणसाला पर्यवेक्षकाशिवाय होणारी परीक्षा मनापासून आवडली. शिवाय त्यांना नातीकडून कळले होते, की अमेरिकेत क्रिकेटचा अधिकृत महाविद्यालयीन संघ असलेले हे एकमेव महाविद्यालय, आणि त्याच्या ग्रंथालयात क्रिकेटच्या पुस्तकांचा स्वतंत्र संग्रह आहे.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी जेवणे झाल्यावर मुलीने आपला निर्णय सांगितला. ती स्वार्थमोरला जाणार होती. कारण मात्र वडिलांचे नव्हते.

"अण्णा, मला हॅवरफर्ड आवडलं," ती म्हणाली. "पण तिथलं मला घरात मिळालंय. माझ्यावर इथं कुणी कधी पाळत ठेवली नाही. उलट शाळेत, क्लासमध्ये, बाजारात, जिथं जाईन तिथं मी अमक्या पेढीची नात. पाच मार्क जास्त मिळाले तर ते माझे की तुमचे, हे मला अजून कळलेलं नाही. ज्याला आपलं आडनावही नीट उच्चारता येत नाही, अशा माणसानं एकदा माझा पेपर तपासावा."

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मुलीचे म्हणणे त्यांना थोडे लागले असावे. मग त्यांनी विचारले, "आणि तो परका माणूस नापास म्हणाला तर?"

"तर निदान तेवढं माझं स्वतःचं असेल."

आईने स्वयंपाकघराचा विषय पुन्हा काढला. मुलीने उन्हाळ्याच्या सुटीत रोज एक भाजी आणि आमटी स्वतः करून दाखवायचे कबूल केले. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील पेढीवर न जाता थेट बँकेत गेले. पाठवणीचा अर्ज, पॅन कार्ड, प्रवेशपत्राची प्रत, साऱ्या कागदांवर सह्या झाल्या. सायंकाळी अनामत पोहोचल्याचा निरोप आला, तेव्हा अण्णा ओसरीवर बसले होते.

"स्वार्थमोरहून ते क्रिकेटचं मैदान किती लांब?" त्यांनी नातीला विचारले.

"पंधरा किलोमीटर असेल, अण्णा. दोन्ही कॉलेजांची मिळून गाडी आहे. तिकडचे वर्गही घेता येतात."

"मग एखादा वर्ग तिकडचा घे," अण्णा म्हणाले. "सामना असेल त्या दिवशीचा."